पाण्यावरून दिसलेलं शहर

मित्रांनो, मला बघून तुम्ही फुलदाणी समजला असाल, तर त्यात तुमचा दोष नाही. माझं झाकण हरवलंय, पट्टा तुटलाय आणि अंगाचा पत्रा जागोजागी चेपलाय. पण जरा उचलून हलवून बघा. आत काचा वाजतात ना? मग ओळखलंत. मी थर्मास आहे. वय झालेला, आता कसलंच काही गरम ठेवू न शकणारा. माझी गोष्ट गोड नाही हे आधीच सांगतो. पण ती माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. जे घडलं ते पाहायला दोघंच होतो, मास्तर आणि मी. मास्तर आता त्यावर बोलत नाहीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं काच तापवून फुगवतात, एका बाटलीच्या आत दुसरी बाटली बसवतात, आतून चांदीसारखा चकचकीत मुलामा देतात आणि दोन्ही भिंतींच्या मधली हवा ओढून घेऊन बुडाचं टोक वितळवून बंद करतात. म्हणजे माझ्या पोटात दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये काहीही नाही. त्या काहीही नसण्यावरच माझं सगळं काम चालायचं. दुकानाच्या फळीवर माझ्या शेजारी बादल्या होत्या, त्यांना मी हे मोठ्या ऐटीत सांगत असे. त्यांना ते समजलं नाही. बादल्यांना एकंदरीत फारसं समजत नाही.

एके दिवशी एक नवंनवं जोडपं दुकानात आलं. नवरा टेलर होता, त्याला सगळे मास्तर म्हणत. बायको त्याच्याच दुकानात काजं करायची, बटणं लावायची, म्हणून ती मास्तरीणबाई. मी तिला नुसतं बाई म्हणेन. माझ्या अंगावर तेव्हा लाल-काळ्या चौकटी होत्या. मास्तरांनी जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाले,

“चौकटी जुळल्यात बघ शिवणीवर. भल्याभल्यांना कापडावर जमत नाही, याला पत्र्यावर जमलंय.”

बाई हसल्या. “मग घ्या की. त्या गावाला जाताना लागेल.”

ते गाव म्हणजे कुठलं, ते मला घरी गेल्यावर कळलं.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. दोन शिवणयंत्रं, इस्त्रीचं टेबल, गिऱ्हाईकासाठी एक उभा आरसा आणि मागच्या दारातून थेट त्यांचं घर. आरशाच्या बाजूला दोऱ्याच्या कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर लावलेलं होतं. वर्ष सरल्यावर खालच्या तारखा बाईंनी कात्रीनं कापून टाकल्या होत्या आणि चित्र तेवढं ठेवलं होतं. जाड, गुळगुळीत कागदावरचं चित्र. एक मोठं निळं पाणी, त्याच्या काठावर चढणीला लागलेलं शहर, एकावर एक घरांच्या ओळी, पाण्यात उतरणाऱ्या पांढऱ्या पायऱ्या आणि एका टोकाला घंटेचा मनोरा. सगळ्यावर तिरपं ऊन पडलेलं.

बाईंची बसायची जागा बरोबर त्याच्या समोर. काजं करणं हे डोळे फोडणारं काम आहे. बारीक, एकाशेजारी एक टाके घालता घालता मान आखडते, नजर शिणते. मग बाई सुई कापडात टोचून ठेवायच्या आणि चित्राकडे बघत बसायच्या. त्यांनी त्यातलं एक घरसुद्धा निवडून ठेवलं होतं. खालून तिसऱ्या ओळीतलं, निळ्या खिडकीचं.

“अहो, तिथं कोण राहत असेल?” असं त्या अधूनमधून विचारायच्या.

“असेल कुणीतरी. पँट लांब झालीय म्हणून घरात बसलेला,” मास्तर यंत्रावरून मान वर न करता म्हणायचे.

लग्न झालं त्याच वर्षी तिकडे जायचं दोघांचं ठरलं होतं. पण शाळेच्या गणवेशांचा हंगाम लागला. तो संपतो न संपतो तोच लग्नसराई आली. मग थंडीचे कोट आले. पुढच्या वर्षी पुन्हा गणवेश. “एवढा हंगाम जाऊ दे,” असं म्हणत म्हणत त्यांची तीसेक वर्षं गेली. कपडे दुसऱ्यांचे शिवून व्हायचे, दुसरी माणसं ते घालून गावोगाव जायची आणि हे दोघं दुकानात. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल घरात फारसं बोलणं होत नसे.

माझं म्हणाल तर बाईंनी मला उरलेल्या अस्तराची नाडीची पिशवी शिवली आणि कपाटावर ठेवून दिलं. ठेवणीतली वस्तू झालो मी. बाईंचा स्वभावच तसा होता. ताटातला सगळ्यात आवडता घास त्या शेवटी खायच्या. नवा कपडा पुढच्या खास दिवसासाठी राखून ठेवायच्या. मग त्या दिवशीही वाटायचं की याहून खास दिवस येईल. घास एकदाचा खाल्ला जायचा, कारण तो गार व्हायचा. कपडे मात्र तसेच घडीवर पिवळे पडायचे.

मी सहलीसाठी घेतलेला, पण मला बाहेर काढलं ते इस्पितळासाठी. आधी मास्तरांची आई आजारी पडली तेव्हा. मग शेजारची बाळंत झाली तेव्हा. मग सगळ्या गल्लीत माहीत झालं की मास्तरांकडे थर्मास आहे. कुणी भरती झालं, की पहिला निरोप नातेवाइकांना जायचा आणि दुसरा मला. किती खाटांशेजारी मी उभा राहिलोय, किती जागत्या माणसांच्या हातात वाफाळता चहा दिलाय, सांगता सोय नाही. लोक म्हणायचे, “मास्तर, तुमच्या थर्मासचा मोठा आधार झाला हो.” मला बरं वाटायचं. तरी मनात यायचं, की चौकटी जुळवून मला सजवलं ते औषधांच्या वासात उभं राहण्यासाठी थोडंच.

आता मास्तरांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे झालं.

गिऱ्हाईक कधी कधी हळहळत यायचं. अमुक कापड घ्यायला गेलो, तर आदल्या दिवशीच संपलं. किंवा फारच आवडलं होतं, पण पुरलं नाही. अशा वेळी मास्तर गळ्यातली मापाची फीत सारखी करत म्हणायचे, “नाही मिळालं तेच बरं. दोन धुण्यांत आटलं असतं. रंगही टिकला नसता. तुम्हाला हेच शोभतंय.” गिऱ्हाईक एकदम हलकं होऊन, हसत घरी जायचं. एकदा असं कुणी गेल्यावर बाई म्हणाल्या,

“काल तर याच कापडाची तोंड भरून स्तुती करत होतात.”

“काल ते बाजारात होतं,” मास्तर म्हणाले. “आज नाही. जे मिळणारच नाही त्याची स्तुती करून बिचाऱ्याला रडवू का?”

बाईंनी मान डोलावली. माणूस प्रेमळ आहे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं होतं.

मग बाईंची मूत्रपिंडं बिघडली. आधी नुसता थकवा, मग पायाला सूज, मग तपासण्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. महिनाभरानं मशीनवर रक्त शुद्ध करायला यावं लागेल, आठवड्यातून दोनदा, कायमचं, असं त्यांनी सांगितलं. पाणी, चहा मोजून. एकदा हे सुरू झालं की गाव सोडून कुठं राहता येणार नाही.

“कुठं जायचं राहिलं असेल, तर आत्ता जाऊन या,” त्या म्हणाल्या. “फार दमायचं मात्र नाही.”

घरी आल्यावर मास्तर कापड बेतायला लागले. एका कोटाची मुदत जवळ आली होती. तेव्हा मास्तरांची थोरली बहीण तिथं होती. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का दोन गल्ल्या सोडून राहायची, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. तिनं पुढं होऊन मास्तरांच्या हातातली कात्रीच काढून घेतली.

“अरे बाळ,” ती पिकल्या केसांच्या भावाला म्हणाली, “कोट घालणारा थंडीनं मरत नाही. तू हिला घेऊन जा. का माझ्या हातून मार खाऊन मग जाणार?”

अशी ती सहल ठरली. बाईंनी मला कपाटावरून काढलं, गरम पाण्यानं विसळलं आणि पिशवीतून न नेता उघडाच पट्ट्यानं मास्तरांच्या खांद्याला अडकवलं. मित्रांनो, गाडीच्या खिडकीशी झोके खाताना मला जो आनंद झाला, तो मी आयुष्यात दुसऱ्यांदा अनुभवला नाही. थर्मासला दिसतं कसं, असं विचाराल. मलाही माहीत नाही. पण दिसतं.

शहर देखणं होतं यात शंका नाही. पाण्याकाठी लांबच लांब फरसबंद रस्ता, त्यावर बाकं, दिव्यांचे खांब, छत्र्यांखाली मांडलेली टेबलं. यांची खोली मागच्या गल्लीतली. तिची खिडकी उघडली की समोरच्या घराची भिंत आणि एक नळ दिसायचा. तरी बाई खुशीत होत्या. त्यांनी घंटेचा मनोरा बघितला, जुन्या जहाजांचं संग्रहालय बघितलं, बाजारातून आक्कासाठी शिंपल्याचा डबा घेतला. दर थोड्या वेळानं बाकावर बसायचं आणि माझ्या झाकणातून अर्धं झाकण चहा प्यायचा, तोही घोट घोट. उरलेलं अर्धं मास्तरांचं. नव्या जोडप्यासारखे दिसत होते दोघं. फक्त चाल हळू.

दुसऱ्या दिवशी बाई चालता चालता थांबल्या.

“अहो, ते गाव कुठंय?”

“कुठलं?”

“आपलं. चित्रातलं.”

“अगं, त्यातच तर आहोत आपण.”

“मग दिसत कसं नाही?”

खरंच दिसत नव्हतं. मनोरा होता, पांढऱ्या पायऱ्या होत्या, पण ते सगळं वेगवेगळं. ही भिंत, तो जिना, हे दार. निळी खिडकी त्यांनी किती गल्ल्यांत शोधली. मान वर केली की दिसायचा तो कुणाचा तरी सज्जा आणि त्याच्या वर आभाळाची एक पट्टी. शेवटी धक्क्याजवळ तिकिटं फाडणाऱ्या माणसाला बाईंनी चित्राचं वर्णन करून विचारलं. तो हसला.

“बाई, ते काठावरून नाही दिसत. पाण्यात जावं लागतं. दुपारी आमची लाँच निघते, चांगली आतपर्यंत जाते. तिथून सगळं गाव एकदम दिसतं, तुम्ही म्हणताय तसं.”

मास्तरांनी लगेच खिशात हात घातला. पण बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“आज नको. शेवटच्या दिवशी जाऊ. तोंडात तीच चव घेऊन घरी जायचं.”

मास्तरांनी हट्ट करायला हवा होता, असं आता वाटतं. पण त्यांना बायकोचा हा स्वभाव तीस वर्षं ठाऊक होता आणि तो त्यांना आवडायचा. ते म्हणाले, “बरं.” त्या दिवशी पाणी आरशासारखं होतं. दुसऱ्या दिवशीही होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंचे पाय चपलेत जाईनात. चेहराही सुजला होता. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. मास्तर म्हणाले, सरळ गाडी पकडू. बाई ऐकेनात. दुपारी मोटार करून दोघं धक्क्यावर आले. धक्क्यापासून लाँचपर्यंत खाली उतरत जाणाऱ्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या होत्या आणि पुढं एक हलती फळी. वारा सुटला होता, फार नाही, पण लाँच वरखाली होत होती. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि तिथंच बसल्या. छाती भात्यासारखी चालली होती.

लाँचवाला खालून बघत होता. तो वर आला आणि हळू आवाजात म्हणाला,

“साहेब, यांना नाही जमायचं. आत धाप लागली तर मला मधूनच वळवता येत नाही. माझ्या जिवाला घोर नका लावू.”

तिकीटवाल्यानं आणि मास्तरांनी मिळून बाईंना वर आणून बाकावर बसवलं. मग बाई म्हणाल्या,

“तुम्ही जाऊन या.”

“वेड लागलंय का? मी नाही जाणार.”

“मग दोघांचंही राहील. एकानं तरी बघा. नीट बघा हं, घाई करू नका. आणि मला सगळं सांगा. निळ्या खिडकीपासून.”

मास्तर नाही नाही म्हणत होते. बाईंनी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. सुजलेल्या हातांत जोर कितीसा असणार, पण ते उठले. मी त्यांच्या खांद्यावरच राहून गेलो. बाईंचा अर्धं झाकण चहा माझ्या पोटात तसाच होता.

मित्रांनो, आता जे दिसलं ते सांगतो. नीट ऐका, मी काही वाढवून सांगत नाही.

लाँच सुटली तेव्हा मागं नुसती धक्क्याची काळी भिंत होती. मग भिंतीवर रस्ता आला, दिव्यांचे खांब आले. आणखी आत गेलो तशी रस्त्यामागची घरं वर आली, त्यांच्या डोक्यावर दुसरी ओळ, तिच्या डोक्यावर तिसरी. कुणी घडी उलगडावी तसं ते शहर पाण्यातून वर उलगडत गेलं. पांढऱ्या पायऱ्या एकमेकींना जाऊन मिळाल्या आणि एकच लांब जिना झाला. मनोरा बरोबर आपल्या टोकाला जाऊन उभा राहिला. ऊन उतरतीला लागलं होतं. एका क्षणी सगळ्या खिडक्यांच्या काचांवर ते एकदम पडलं आणि डोंगरभर उजेड पेटला. चित्रात हे नव्हतं. चित्र फिकं होतं, मित्रांनो. तीस वर्षं बाई एका फिक्या चित्राकडे बघत होत्या.

आणि निळी खिडकी होती. खालून तिसऱ्या ओळीत. उघडी होती. खिडकीत गादी वाळत घातली होती.

मास्तर उभेच राहिले. लाँचवाला ओरडला, “साहेब, बसा, बसा!” ते बसले नाहीत. त्यांनी बाजूच्या रिकाम्या जागेकडे तोंड वळवलं आणि सवयीनं म्हणाले, “अगं, हे बघ.” मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी काठावर बाक शोधायचा प्रयत्न केला. डोळ्यांवर हाताचा आडोसा करून किती वेळ शोधत होते. पण तिथून माणसं दिसत नाहीत. घरं दिसतात, माणूस एकही दिसत नाही. तेव्हा त्यांनी मला पोटाशी धरलं आणि ते रडले. त्यांचं रडणं मी पत्र्यातून ऐकलं.

लाँच परत लागली. बाई बाकावर पुढं सरकून, वाट बघत बसल्या होत्या. सुजलेल्या चेहऱ्यात डोळे बारीक झाले होते, पण ते डोळे हसत होते.

“सांगा, सांगा. कसं दिसतं?”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पायांतून काढून ठेवलेल्या चपला पाहिल्या. तोंड उघडलं आणि त्या तोंडातून दुकानातला टेलर बोलला.

“काही विशेष नाही गं.”

“म्हणजे?”

“भिंती आणि पत्रे. ऊन तोंडावर येतं, धड दिसतच नाही. त्या कॅलेंडरवाल्यांनी रंग भरलेत मनचे. नाही गेलीस तेच बरं, उगाच जिवाला त्रास.”

“आणि निळी खिडकी?”

“नाही दिसली. नसणारच ती.”

मी ओरडून सांगितलं, की होती, होती, उघडी होती. पण थर्मासच्या ओरडण्याला कोण विचारतो.

बाई पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतकी वर्षं नुसत्या रंगाकडे बघत होते.” आणि थोड्या वेळानं, “बरं झालं. माझं काही राहिलं नाही म्हणायचं.”

मास्तरांना हायसं वाटलं. ते त्यांच्या खांद्यावरून मला कळलं, खांदा सैल पडला. गिऱ्हाईक हलकं होऊन घरी निघालं, असं त्यांना वाटलं असावं. परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या, पण बाहेर त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर पुढच्या आठवड्यात मास्तरांना एका कॉलरचा फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, करायला जाड कागद हवा होता. बाई उठल्या. त्यांनी आरशाजवळचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, उलटं करून टेबलावर पसरलं आणि म्हणाल्या, “हा घ्या. कडक आहे चांगला.” मास्तर नुसते बघत राहिले. तेव्हा बाईंनी स्वतःच खडूनं कॉलर आखली आणि कात्री चालवली. कागद जाड होता, कात्रीचा आवाज मोठा येत होता. उरलेले तुकडे त्यांनी चिंध्यांच्या पोत्यात टाकले.

मास्तरांना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मशीनचे दिवस सुरू झाले. आठवड्यातून दोनदा आम्ही तिघं इस्पितळात. मी पुन्हा माझ्या ओळखीच्या जागी, खाटेशेजारच्या स्टुलावर. बाईंच्या हाताला नळ्या लावलेल्या असायच्या आणि मास्तर शेजारी बसून असायचे. एके दिवशी त्यांनी धीर करून सांगितलं.

“अगं, मी तेव्हा खोटं बोललो. फार सुंदर होतं ते. चित्रापेक्षा सुंदर. निळी खिडकी होती.”

बाई हसल्या. त्यांचं ते हसणं मला कपाटावरूनही ओळखू यायचं, समजूतदार.

“राहू द्या हो. गिऱ्हाइकाची समजूत काढता तशी माझी काढू नका.”

“समजूत नाही, खरं सांगतोय. शपथ घेऊ?”

“तेव्हा खरं बोललात. तुमचा चेहरा पडला होता, बघितला ना मी. आता मी इथं अडकले, करमत नाही, म्हणून गोड बोलताय. तीस वर्षं ऐकतेय मी तुम्हाला.”

मास्तर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ओळीवर ओळ कशी चढत गेली, काचा कशा पेटल्या, गादी कशी वाळत घातली होती. हातवारे करून सांगायचे. जितकं रंगवून सांगायचे तितकं ते बाईंना खोटं वाटायचं. “छान रचलंत,” त्या म्हणायच्या. एकदा मास्तरांनी आक्काला मध्ये घातलं.

“खरं सांगतोय गं तो,” आक्का म्हणाली. “याला एवढं रचायची अक्कल कुठली?”

“वन्सं, तुम्ही कुठं पाहिलंय?” बाईंनी विचारलं.

पाहिलं होतं ते मी. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर उभा होतो.

पुढं बाई कुरबुर करू लागल्या. आज मशीन नको, उद्या जाऊ. कशासाठी एवढी ओढाताण, असं म्हणायच्या. डॉक्टरीणबाई समजावत, आक्का रागावे. मास्तर हात जोडत. पण ज्यासाठी माणूस उद्याची वाट बघतो, असं काही त्यांच्याजवळ शिल्लक दिसेना. राखून ठेवलेला घास त्यांना बेचव निघाला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. थंडीत एका सकाळी इस्पितळातच त्या गेल्या. मास्तर मला हातात घेऊन चहा आणायला गेले होते. परत आले आणि खाट बघून त्यांच्या हातून मी फरशीवर पडलो. आतली काच फुटली ती तेव्हा. झाकण कुठं घरंगळत गेलं ते कुणी शोधलं नाही.

आता मी दुकानातल्या फळीवर असतो. मास्तर माझ्यात मोठ्या पट्ट्या आणि जुने ब्रश ठेवतात. गिऱ्हाइकं कमी झालीत. मध्ये एक माणूस आला, हळहळत होता, की बायकोला आवडलेलं कापड घ्यायला गेलो आणि ते संपलं होतं. मास्तरांनी कापड कुठलं ते विचारलं. मग यंत्र थांबवलं आणि म्हणाले, “हो. बघितलंय मी ते. फार सुंदर होतं. तसं पुन्हा येणार नाही.” त्या माणसाला राग आला. दुसऱ्या टेलरकडे गेला तो. मास्तरांनी त्याला थांबवलं नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू आमची काळजी घ्या म्हणून विनवणी करतो. मलाही ती करता येईल. थर्मास आपटू नका, आत चमचा घालू नका, गार काचेत एकदम उकळतं ओतू नका. पण मित्रांनो, ते राहू द्या, थर्मास बाजारात दुसरा मिळतो. तुम्हाला एकच सांगतो. तुम्ही कधी काही सुंदर बघून आलात आणि तुमचं माणूस काठावर बसून वाट बघत असलं, तर ते सुंदर होतं असंच सांगा. त्याला रडू येईल. येऊ द्या. शेजारी बसा आणि ते रडत असतानाही सांगत राहा.